रडार मॉड्यूलच्या मिक्सरमधला डायोड नेमकं करतो काय? 10 गिगाहर्ट्झ आत, 700 हर्ट्झ बाहेर

तापीकाठचा (भुसावळ)

राम राम मंडळी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज जळगावला, रोजचं अपडाऊन. प्रोजेक्ट म्हणून हायवेवरच्या गाड्यांचा वेग मोजायचं यंत्र करतोय. त्यासाठी एचबी100 हे स्वस्तातलं डॉप्लर मॉड्यूल (परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून वेग सांगणारं) ऑनलाइन मागवलं, 5 व्होल्टवर चालतं, फ्रिक्वेन्सी 10.525 गिगाहर्ट्झ. मागे एलएम324 या ॲम्प्लिफायर चिपचे दोन स्टेज लावले आणि लॅपटॉपच्या माइकच्या पिनेत घातलं तर गाडी गेली की 700-800 हर्ट्झचा सूर येतो, म्हणजे चालतंय.

पण व्हायवाला सर विचारणारच की मिक्सर, म्हणजे पाठवलेली आणि परत आलेली लहर मिसळून फरक काढणारा भाग, कसा चालतो. एक मॉड्यूल बळी देऊन पत्र्याचं झाकण काढलं, आत सिरॅमिकची एक गोल चकती, एक ट्रान्झिस्टर आणि तीन पायांचं बारीकसं काळं डायोडचं पॅकेज, बाकी नुसत्या तांब्याच्या पट्ट्या. पुस्तकात लिहिलंय "डायोड नॉन-लिनिअर असल्याने सम आणि डिफरन्स फ्रिक्वेन्सी मिळतात". वाक्य पाठ आहे पण कळलं काही नाही.

आणि दुसरं, रात्री रूमवर टेबलावर ठेवलं, समोर कोणी हलत नाही, पंखा बंद, तरी 5 किमीचा वेग दाखवून राहिलंय. हे काय?

केळीवाला रावेर

रिकाम्या खोलीत 5 किमीने फिरतोय तो घरमालक असेल भो, भाडं थकलंय का?

धुळेकर आप्पा

घरमालकाचं नंतर बघू. आधी मिक्सर.

बेटा, पुस्तकातलं वाक्य खोटं नाही पण अर्धवट आहे. दोन सिग्नल एका तारेवर नुसते एकत्र आणले तर नवीन फ्रिक्वेन्सी जन्माला येत नाही. हळदीच्या डीजेच्या कन्सोलवर गाणाऱ्याचा माइक आणि ढोलकीचा माइक एकत्र होतात, स्पीकरमधून दोन्ही ऐकू येतात, तिसरा सूर काही निघत नाही, कारण तिथं बेरीज होते. रडारला पाहिजे गुणाकार. अकरावीचं सूत्र आठव, कॉस ए गुणिले कॉस बी म्हणजे अर्धा कॉस (ए वजा बी) अधिक अर्धा कॉस (ए अधिक बी). फरक आणि बेरीज दोन्ही तिथून येतात.

आता हा गुणाकार डायोडकडून करून कसा घ्यायचा? रेझिस्टरला व्होल्टेज दुप्पट दिलं की करंट दुप्पट, सरळ रेघ. डायोडचं तसं नाही, चांगल्या डायोडला 60 मिलिव्होल्ट जास्त दिले की करंट दहापट होतो, ती वाकडी रेघ आहे. वाकडी रेघ गणितात उलगडून लिहिली की एक व्ही (व्होल्टेज) चं पद येतं, मग व्ही वर्गाचं, मग घनाचं, असं पुढे. आणि हा व्ही कोणाचा? लोकल ऑसिलेटर (यंत्रातच तयार होणारी लहर) अधिक परत आलेला सिग्नल. म्हणजे ए अधिक बी कंसाचा वर्ग! त्यात ए वर्ग, बी वर्ग आणि मध्ये कोण बसतं, 2एबी. आठवीत ज्याच्यासाठी छडी खाल्ली तेच 2एबी म्हणजे तुझा मिक्सर. बाकीची सगळी पदं कचरा, फिल्टरने काढून टाकायची.

ही झाली दोन्ही सिग्नल बारीक असतानाची गोष्ट. प्रत्यक्षात लोकल ऑसिलेटर इतका दांडगा असतो की तो डायोडला सरळ चालू-बंद, चालू-बंद करतो आणि परत आलेला कमजोर सिग्नल त्या उघडझाकीतून जातो. उघडं असताना 1 ने गुणला, बंद असताना 0 ने गुणला. गुणाकारच की. तुझ्या मॉड्यूलमध्ये वेगळा लोकल ऑसिलेटर नाहीच, जो ट्रान्झिस्टर हवेत पाठवतो त्याचाच थोडा हिस्सा पट्टीवरून डायोडकडे वळवलाय. त्यामुळे उभ्या भिंतीवरून आलेला सिग्नल आणि लोकल दोन्ही एकच फ्रिक्वेन्सी, फरक शून्य, नुसतं डीसी. गाडी हलली की परतीची फ्रिक्वेन्सी सरकते, किती ते दोन गुणिले वेग गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले प्रकाशाचा वेग. 10.525 ला हिशोब केला तर ताशी 1 किमीला 19.5 हर्ट्झ. गाडी 40 ने आली तर 780. बेरजेची जी 21 गिगाहर्ट्झ निघते ती तुझ्या एलएम324 पर्यंत पोचायचा सवालच नाही.

अमळनेर रेडिओ सर्व्हिस

आप्पा मस्त. आमचे वडील रेडिओ रिपेअर करायचे, गँग, आयएफटी, 455 किलोहर्ट्झ हे शब्द ऐकतच मोठा झालो, पण 2एबी कोणी सांगितलं नव्हतं. मग एक शंका. वाकडी रेघ तर प्रत्येक डायोडची असते ना? दुकानात 1एन4148 ची पट्टीच्या पट्टी पडलीय, जुने जर्मेनियमचे ओए79 पण आहेत. तोच लावून 10 गिगाहर्ट्झचा मिक्सर का नाही होत?

केळीवाला रावेर

मना डोकामा काई घुसनं नही पण वाची ऱ्हायनू. चालू द्या.

चाळीसगाव ते पुणे

मी आरएफ चिप डिझाइनमध्ये आहे, गाव चाळीसगाव, तर या प्रश्नात पडल्याशिवाय राहवत नाही.

अमळनेरवाले भाऊ, 1एन4148 दोन कारणांनी मरतो. तो पी-एन जंक्शन आहे. फॉरवर्ड असताना जंक्शनच्या पलीकडे मायनॉरिटी कॅरिअर जाऊन साठतात आणि व्होल्टेज उलटं केलं तरी ते बाहेर निघेपर्यंत डायोड चालूच राहतो. या रिव्हर्स रिकव्हरीला 1एन4148 ला 4 नॅनोसेकंद लागतात आणि हा तर फास्ट समजला जाणारा डायोड! 10.525 गिगाहर्ट्झची एक सायकल 95 पिकोसेकंदांची. म्हणजे डायोड एकदा बंद होईपर्यंत लोकल ऑसिलेटरच्या चाळीसच्या वर सायकली होऊन गेल्या, तो बंद होतच नाही. आप्पा म्हणतात ती उघडझाक घडतच नाही.

मिक्सरमध्ये लावतात त्या शॉटकी डायोडमध्ये पी बाजूच नसते. एन टाइप सिलिकॉन किंवा गॅलियम आर्सेनाइडवर सरळ धातू बसवलेला असतो, करंट नेणारे इलेक्ट्रॉन म्हणजे मेजॉरिटी कॅरिअर, ते धातूत उतरले की संपलं, साठा काही नाही, त्यामुळे परत काढायची भानगड नाही.

दुसरं कारण कपॅसिटन्स. वाकडी रेघ दाखवणारा जो भाग आहे त्याला समांतर जंक्शन कपॅसिटन्स असतो. 1एन4148 चा जास्तीत जास्त 4 पिकोफॅरड धरला तर 10.5 गिगाहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम 4 ओहम, सिग्नल जंक्शनला वळसा घालून कपॅसिटरमधूनच निघून जातो. मिक्सरचा डायोड 0.15-0.2 पिकोफॅरडचा करतात, म्हणजे 75-100 ओहम, आता सिग्नलला जंक्शनमधून जावं लागतं. पण जंक्शन बारीक केलं की सिरीज रेझिस्टन्स वाढतो, म्हणून दोघांचा गुणाकार बघतात. 6 ओहम आणि 0.15 पिकोफॅरड धरा, कटऑफ 175 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, 10 ला निवांत चालतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन जास्त चपळ म्हणून सिरीज रेझिस्टन्स कमी, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला तोच वापरतात, फक्त बॅरिअर (डायोड वाहायला लागायचा उंबरठा) उंच, 0.7 व्होल्टच्या जवळ, म्हणून लोकल ऑसिलेटरची पॉवर जास्त लागते. एचबी100 सारख्या स्वस्त मॉड्यूलमध्ये लोकल थोडासाच मिळतो, तिथे कमी बॅरिअरचा सिलिकॉन शॉटकी बरा, पाव व्होल्टच्या आसपास जागा होतो.

ओए79 पॉइंट कॉन्टॅक्ट आहे, कपॅसिटन्स कमी, पण ती काचेची नळी आणि तारेचे पाय यांचं इंडक्टन्सच 10 गिगाहर्ट्झला सगळं खाऊन टाकेल. रेडिओत ठेवा.

नंदुरबारी

इथं एक टाकल्याशिवाय राहवत नाही. धातूचं टोक स्फटिकावर टेकवून रेडिओ लहर पकडायची ही गोष्ट जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनावर करून दाखवली, अमेरिकेत 1901 ला अर्ज केला, 1904 ला पेटंट मिळालं. आणि त्यांचे प्रयोग मिलिमीटर लहरींवर होते, 60 गिगाहर्ट्झपर्यंत! मग व्हॉल्व्ह आले आणि स्फटिक अडगळीत गेले.

धुळेकर आप्पा

बरोबर, आणि अडगळीतून बाहेर काढले ते रडारनेच. 1940 मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी चालवली, 10 सेंटिमीटरच्या लहरींवर, म्हणजे 3 गिगाहर्ट्झला, दणदणीत पॉवर मिळाली. पाठवायची सोय झाली, ऐकायचं कसं? व्हॉल्व्हमध्ये कॅथोडपासून प्लेटपर्यंत इलेक्ट्रॉनला जायला जो वेळ लागतो तेवढ्यात 3 गिगाहर्ट्झची सायकल उलटून जाते. मग सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावर टंगस्टनची बारीक तार टेकवलेला क्रिस्टल पुन्हा आला. 1एन21 हा 10 सेंटिमीटरचा, 1एन23 हा 3 सेंटिमीटरचा. ते सिलिकॉन आणि जर्मेनियम शुद्ध करायचं जे काम युद्धात झालं त्याच्याच जोरावर पुढे 1947 चा ट्रान्झिस्टर उभा राहिला.

1एन23 मी हाताळलेत. नोकरी मुंबईत जहाजांवरच्या रडारची, 9410 मेगाहर्ट्झचे सेट, आयएफ (मिक्सरमधून निघणारी फरकाची फ्रिक्वेन्सी) 60 मेगाहर्ट्झ. क्रिस्टल शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून यायचा, का तर बाजूला दुसरं रडार चालू असेल तर खोक्यातल्या खोक्यात जळू नये म्हणून. बसवताना आधी डाव्या हाताने चासीला धरायचं, मग उजव्या हाताने क्रिस्टल आत. अंगातली स्टॅटिक चासीत गेली पाहिजे, क्रिस्टलमधून नाही. सेटवर क्रिस्टल करंटचं मीटर असायचं, काटा अर्धा ते एक मिलिअँपच्या मध्ये आणायचा. काटा पडला की दोनच संशयित, एकतर लोकलची लहर तयार करणारी नळी, क्लायस्ट्रॉन, थकली नाहीतर क्रिस्टल गेला. आणि गंमत म्हणजे क्रिस्टल अर्धवट जळाला तर सेट चालूच राहतो, स्क्रीनवर जवळचा किनारा दिसतो, लांबच्या होड्या तेवढ्या गायब होतात. कॅप्टनला कळतही नाही.

जळायचा का? एकाच अँटेनातून पाठवायचं आणि ऐकायचं. पाठवताना हजारो वॅट, ऐकताना वॅटचा किती अब्जावा भाग ते मोजत बसू नये. मध्ये टीआर सेल, गॅस भरलेली नळी, मोठा सिग्नल आला की गॅस पेटतो आणि रस्ता शॉर्ट करतो. पण गॅस पेटायला काही नॅनोसेकंद जातातच, तेवढ्यात पॉवरचा जो क्षणिक झटका आत शिरतो तोच क्रिस्टल मारतो. पुढे टीआर सेलच्या मागे पिन डायोडचा लिमिटर (मोठा सिग्नल दाबणारा) आला आणि आमची धावपळ कमी झाली.

अमळनेर रेडिओ सर्व्हिस

म्हंजे आपल्या मे महिन्यात हे डायोड हाताळणं अवघडच. 44-45 डिग्री, हवेत ओलावा नावाला नाही, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं तरी चटका बसतो.

चाळीसगाव ते पुणे

अगदी. हिशोबच करा, माणसाच्या अंगाचा कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड धरतात, 3000 व्होल्टची स्टॅटिक म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा चटका, ऊर्जा 0.45 मिलिज्यूल. जुन्या क्रिस्टलची सहनशक्ती अर्गमध्ये मोजायचे, 1 अर्ग म्हणजे 0.1 मायक्रोज्यूल. तुमचा चटका 4500 अर्गचा झाला. रिस्ट स्ट्रॅप लावा. आणि तापीकाठच्या भावा, मॉड्यूलच्या आयएफ पिनेवर मल्टिमीटरचा ओहम रेंज लावू नकोस, तिथे सरळ डायोड आहे.

तापीकाठचा (भुसावळ)

लावला होता ताई, बळी दिलेल्यावर. 😅

एक विचारायचं होतं. पॅकेजमध्ये डायोड दोन का? तीन पाय आहेत म्हणजे जोडी आहे ना?

धुळेकर आप्पा

जोडी बॅलन्ससाठी. एकटा डायोड लावला तर लोकल ऑसिलेटरमध्ये जो स्वतःचा ॲम्प्लिट्यूडचा नॉइज असतो तोही डिटेक्ट होऊन आयएफमध्ये उतरतो. दोन डायोड असे जोडतात की सिग्नलचा आयएफ दोघांकडून मिळून येतो आणि लोकलचा नॉइज एकमेकांना कापतो. आमच्या वेव्हगाइडवाल्या (लहर पोकळ नळीतून नेणाऱ्या) सेटमध्ये मॅजिक टी म्हणजे चार तोंडांचा जोड असायचा, एका बाजूने लोकल, दुसऱ्या बाजूने सिग्नल, दोन हातांत दोन क्रिस्टल, त्यातला एक उलट्या पोलॅरिटीचा, नंबरच्या शेवटी आर लिहिलेला. दोन्ही सुलट बसवले की रिसिव्हर बहिरा, आणि नवीन पोरं हमखास तेच करायची.

चार डायोडची रिंग केली की डबल बॅलन्स, मग लोकल सिग्नलच्या पोर्टवरही गळत नाही. तिथं उघडझाक 1 आणि 0 ची नसते, अधिक 1 आणि वजा 1 ची असते. त्यात लोकल साधारण 5 मिलिवॅट पाहिजे आणि बदल्यात सिग्नलचा पाऊण हिस्सा जातो, 6 डीबीच्या आसपास. आदर्श डायोड धरले तरी 3.9 डीबी जातातच, कारण चौकोनी लाटेच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या वाट्याला तेवढंच येतं आणि निम्मं बेरजेच्या बाजूला जातं. म्हणून मी म्हणतो, रिसिव्हरचा जीव मिक्सरच्या डायोडात. तिथं जे हरवलं ते पुढे कितीही ॲम्प्लिफाय करा, परत येत नाही.

चाळीसगाव ते पुणे

आप्पा, तुमच्या सेटला ते शंभर टक्के लागू होतं कारण मिक्सरच्या आधी काही नव्हतं. आता कोणी असं ठेवत नाही. समजा मिक्सर आणि आयएफ मिळून 8 डीबी नॉइज फिगर (रिसिव्हर स्वतःचा किती नॉइज घालतो त्याचं माप). मिक्सरच्या आधी 1.5 डीबी नॉइज आणि 20 डीबी गेनचा एलएनए (कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) लावला की अख्ख्या रिसिव्हरची फिगर 1.7 डीबी होते. डायोड दीड डीबी वाईट निघाला तरी कोणाला पत्ता लागणार नाही. जीव आता एलएनएत गेलाय.

धुळेकर आप्पा

ताई, नॉइजपुरतं मान्य. पण एलएनएने 20 डीबी वाढवून दिलेला मोठा सिग्नल शेवटी बसतो कोणाच्या डोक्यावर? मिक्सरच्याच. समुद्रात शेजारून मोठं जहाज गेलं की त्याचा परतावा इतका दांडगा असतो की तोच लोकलशी बरोबरी करायला लागतो, उघडझाक कोणाच्या तालावर करायची ते डायोडला कळत नाही, आणि घनाच्या पदातून भलत्याच फ्रिक्वेन्सी निघतात. बारीक होडी त्यात बुडते.

चाळीसगाव ते पुणे

हो, तो मुद्दा खरा आहे आणि आमचं निम्मं आयुष्य त्याच्यातच जातं. एलएनएचा गेन हवा तेवढाच ठेवायचा, आणि मिक्सरला लोकल जास्त द्यायचा, 5 ऐवजी 20 किंवा 50 मिलिवॅट, बॅरिअर उंचावलेले डायोड घेऊन.

आणि गाड्यांमधल्या 76-77 गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये सुटा डायोड उरलेलाच नाही. एकाच चिपवर सगळं, सिलिकॉन-जर्मेनियम किंवा सीमॉसमध्ये. तिथे उघडझाक ट्रान्झिस्टर करतात. गिल्बर्ट सेल हा ट्रान्झिस्टरांचा मिक्सर वापरला तर 6 डीबी जाण्याऐवजी उलट गेन मिळतो, पण करंट खातो आणि नॉइज करतो, म्हणून बरेच लोक बिनकरंटचा पॅसिव्ह फेट मिक्सर घेतात. तिथे पाठवलेली फ्रिक्वेन्सी सतत चढत असते, मायक्रोसेकंदाला 30 मेगाहर्ट्झ समजा. 50 मीटरवरच्या गाडीवरून लहर परत यायला एक तृतीयांश मायक्रोसेकंद लागतो, तेवढ्यात पाठवणारा 10 मेगाहर्ट्झ पुढे गेलेला असतो. मिक्सर तो 10 चा फरक काढून देतो, आणि तेच अंतर.

केळीवाला रावेर

आता माझा प्रश्न. वेगबिग ठीक आहे, पण वळवाच्या वादळाने केळी आडवी होते ती तुमच्या रडारला आधी दिसत का नाही?

धुळेकर आप्पा

त्यात मिक्सरचा दोष नाही भाऊ, पृथ्वी गोल आहे. नागपूरच्या डॉप्लर रडारपासून रावेर हवाई मार्गाने 300 किमीच्या वर. अर्ध्या अंशाने सोडलेला किरण तुमच्याकडे पोचेपर्यंत जमिनीपासून 8 किमी वर गेलेला असतो. ढगाचं डोकं दिसेल, खाली बागेत शिरणारा वारा त्याच्या खालून जातो. त्याला जवळ रडार लागतं.

तापीकाठचा (भुसावळ)

आणि माझी रिकामी खोली?

अमळनेर रेडिओ सर्व्हिस

5 किमी गुणिले 19.5 किती होतात रे? शंभरच्या जवळ. 50 हर्ट्झच्या लाइटची दुप्पट. ॲडाप्टरचा रिपल असेल, बॅटरीवर चालवून बघ.

धुळेकर आप्पा

बॅटरीवरही राहिलं तर खोलीत चोकवाली ट्यूबलाइट आहे का बघ. ट्यूबमधला गॅस दर अर्ध्या सायकलला पेटतो, म्हणजे सेकंदाला 100 वेळा. पेटलेला गॅस करंट वाहतो, मायक्रोवेव्ह परतवतो, विझला की तेवढा परतवत नाही. हलत काही नाही पण परतावा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो आणि मिक्सर ते इमानदारीत 100 हर्ट्झ म्हणून देतो.

तापीकाठचा (भुसावळ)

पॉवरबँकवर लावलं, 5 किमी कायम. ट्यूबलाइट बंद केली, आकडा 0. चालू केली, परत 5. व्हायवाला हेच दाखवणार, सरांनी विचारायच्या आधी.

शेवटचं. गाडी येतेय की जातेय हे यातून कळेल का? दोन्हीकडे 780 च येतो.

चाळीसगाव ते पुणे

एका मिक्सरने नाही कळणार, फरक अधिक आहे की वजा हे त्याच्या आउटपुटमध्ये हरवतं. दोन मिक्सर लागतात, दोघांना सिग्नल सारखा, पण एकाला लोकल पाव सायकल उशिरा. मग दोन आउटपुटमध्ये कोण पुढे कोण मागे ते बघायचं, येणाऱ्या गाडीला एक पुढे, जाणाऱ्याला दुसरा. आय आणि क्यू अशा दोन पिना असलेलं 24 गिगाहर्ट्झचं मॉड्यूल घे, तिथे ताशी 1 किमीला साधारण 45 हर्ट्झ मिळतात, सॉफ्टवेअरमध्ये तेवढा आकडा बदल. आणि रस्त्याच्या कडेला तिरपं लावशील तर कोनाचा कोसाइन धर, 25 अंशाला 50 ची गाडी 45 दाखवेल.

धुळेकर आप्पा

आणि हायवेला ट्रायपॉड रस्त्यापासून चांगला लांब लाव रे बेटा, ते ट्रकवाले कोसाइन बघत नाहीत.